पेटीत काहीतरी वाजतंय

"डोळा माणसाला फसवतो. जीभ फसवते. नाक तर जरा गार वारा सुटला की राजीनामा देऊन मोकळं होतं. पण कान! कान हा देहातला एकमेव प्रामाणिक नोकर आहे. जे आलं ते आत पोचवलं, पदरचं काही घातलं नाही, मधलं काही खाल्लं नाही."

कानवाल्यांनी हे उद्गार सकाळी खुर्चीत बसून, चहाचा कप हवेत धरून, समोरच्या भिंतीला उद्देशून काढले. भिंतीनं ते शांतपणे ऐकून घेतले. त्याच वेळी खाली दारावरची बेल वाजत होती. सिलिंडरवाल्यानं ती एकदा वाजवली, मग दाबून धरली, मग वर खिडकीत दिसणाऱ्या कपाकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि शेवटी सिलिंडर परत गाडीवर चढवून निघून गेला.

बायको केस पुसत बाथरूममधून बाहेर आली. "कोण होतं हो?"

"कुठे कोण?"

"बेल वाजत होती ना! मला आत नळ चालू असताना ऐकू आली."

"भास झाला असेल तुला," कानवाले म्हणाले. "आणि हे बघ, पुटपुटत जाऊ नकोस. तोंड उघडून बोलावं माणसानं."

बायकोनं तोंड उघडून जे सांगितलं ते शेजारच्या दोन घरांना नीट ऐकू गेलं. शेजाऱ्यांचा पूर्वीपासून असा समज होता की या घरात रोज सकाळी भांडण होतं, त्यात बाई कडकडून बोलतात आणि बिचारा नवरा चकार शब्द काढत नाही. बाईंबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. बाई मात्र लग्न झालं तेव्हा इतक्या हळू बोलत की सासूनं विचारलं होतं, मुलगी मुकी तर नाही ना? आवाज त्यांनी दरवर्षी थोडा थोडा चढवत आणला होता. जिना चढतो तसा.

'कानवाले' हे त्यांचं नाव नव्हे. पण समोरच्या इमारतीत दातवाले होते, कोपऱ्यावर चष्मेवाले होते, तेव्हा यांचं दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. राहायचे वरच्या मजल्यावर आणि खाली कान तपासायचे. तिथे एक पेटी होती. पेटी म्हणजे माणूस मावेल एवढी आवाजबंद खोली. जाड दार, दाराला रबराची कड, भिंतींना आतून खाचाखाचांचा फोम, एक खुर्ची, एक मिणमिणता दिवा आणि एक दुहेरी काचेची खिडकी. आत बसलेल्यानं हेडफोन घालायचा, हातात वायरचं बटण धरायचं आणि सूर ऐकू आला की दाबायचं. कानवाले बाहेर मशीनपाशी तिरके बसत, म्हणजे आतल्याला त्यांचा हात दिसू नये. कारण माणसं लबाड असतात. ऐकू येत नसलं की हाताकडे बघतात, खांदा हलला की बटण दाबतात. असा एखादा सापडला की कानवाले दार उघडून त्याला म्हणत, "कानाची परीक्षा आहे, डोळ्यांची नाही. चष्मेवाले कोपऱ्यावर बसतात."

आणि रोज सकाळी, पहिला माणूस यायच्या आधी, ते स्वतः हेडफोन घालून जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत मशीन ऐकून घेत. स्वयंपाकी मीठ चाखून बघतो तसं. अलीकडे मशीनचे बारीक सूर जरा फिके लागत. मग ते मेव्हण्याला बोलावत. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अशी मशीनं दुरुस्त करायचा.

"हल्लीचे हेडफोन म्हणजे नुसती खेळणी," कानवाले म्हणत. "वरचे सूर मरतात त्यांच्यात. जरा वाढवून दे."

"तुम्ही म्हणाल तसं, भावोजी," मेव्हणा म्हणे आणि स्क्रू फिरवून देई.

अशा त्या पेटीतून गावातले अर्धे कान पार पडले होते. त्यातल्या बऱ्याचशा कानांना त्यांच्या बायकांनी धरून आणलेलं असे. "यांना काही ऐकू येत नाही हो," असं बाई म्हणत. कानवाले नवऱ्याला पेटीत घालत, तपासत, बाहेर काढत आणि आपला प्रसिद्ध निकाल देत: "कान उत्तम. लक्ष नाही." नवरा अब्रूनं सुटल्यासारखा हसे. बाई त्याच्याकडे बघत बघत घरी जात. त्या घरांत पुढे काय होई, हा कानवाल्यांच्या खात्यातला विषय नव्हता.

गोष्ट सुरू झाली ती पेटीतला जुना गालिचा फाटला म्हणून नवा टाकला तेव्हापासून. नवा गालिचा गोदामातून गुंडाळी करून आला, पेटीत अंथरला गेला आणि दुसऱ्याच दिवशी बसचा एक ड्रायव्हर डेपोसाठी दाखला घ्यायला आला. धिप्पाड माणूस, मिशा अशा की हेडफोन त्यांच्यावर टेकेल की काय. पेटीत बसला, दार लागलं आणि कानवाल्यांनी मशीनला हात लावायच्या आधीच बटणाचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

कानवाल्यांनी दार उघडलं. "अहो, मी अजून सूर सोडलाच नाही."

"मग हे काय वाजतंय, साहेब?"

"काय वाजतंय?"

ड्रायव्हरनं कान दिला. "आता थांबलं."

दार लागलं. दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. दार उघडलं. "आता?"

"आता थांबलं की! तुम्ही दार उघडलं की थांबतंय."

"असं कसं वाजतंय?"

ड्रायव्हरनं मिशांतून ओठ काढून एक बारीक, लांब 'क्रीऽऽ' केलं. कानवाल्यांना फक्त मिशा हललेल्या दिसल्या.

"पुटपुटू नका," ते म्हणाले. मग त्यांनी गंभीर चेहऱ्यानं लिहून दिलं की या गृहस्थांचे कान आतून वाजतात, नसलेले आवाज यांना ऐकू येतात, सबब यांच्या हाती तूर्त बस देऊ नये. ड्रायव्हर दाखला हातात धरून बराच वेळ पायरीवर उभा होता. त्याला घरी जाऊन काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

मग एक शिक्षिका आली, तिचेही कान वाजत होते. एक पोहायला शिकवणारा आला, त्याचेही. भाजीच्या दुकानातली मुलगी तर आत बसून हसायलाच लागली. कानवाल्यांची जुनी, पिकलेली गिऱ्हाइकं मात्र आली की निमूट बसत आणि सूर सोडल्यावरच बटण दाबत. त्यावरून कानवाल्यांनी निष्कर्ष काढला की गावात कान वाजण्याची साथ आली आहे आणि ती फक्त तरुणांना होते. दुपारी जेवताना त्यांनी हे बायकोला जाहीर केलं.

"मोबाईलमुळे," ते म्हणाले. "मी वर्तमानपत्राला कळवणार आहे. निदान आरोग्य खात्याला तरी."

"कळवा," बायको म्हणाली. "पण आधी ती पेटी झाडून घेते. लोकांची पावडर नि केस पडलेत सगळे."

ती झाडू घेऊन खाली गेली. फोमच्या खाचांतून झाडू फिरवायचा तर माणसाला आत पूर्ण शिरावं लागतं, आणि ते दार असं की सोडलं की आपल्या वजनानं मिटतं. ते मिटलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली, जिन्याखाली उभी राहिली आणि शेजारच्या दोन घरांना सांगितलं, "अहो! पेटीत किडा आहे!"

"शक्य नाही," कानवाले वरून म्हणाले. "ती आवाजबंद पेटी आहे."

"बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून आहे ना? आत बसलेल्याला कोण अडवणार?"

कानवाल्यांनी ताट बाजूला सारलं. ते खाली आले. पेटीत शिरले, दार लावून घेतलं, अंधारात बसले. पेटी आजवर कधी नव्हती इतकी शांत होती. बाहेर येऊन म्हणाले, "काही नाही."

"तुम्ही आत असताना मी दाराला कान लावून होते. फटीतून येत होता आवाज."

"मी आत होतो. मी."

"हो," बायको म्हणाली. तिनं झाडू दाराशी टेकवून ठेवला.

किडेमास्तरांना बोलवायची कल्पना तिचीच. किडेमास्तर मागच्या गल्लीत राहत. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हयात बागांतून ओणवे होऊन किडे ऐकण्यात गेली. घरचे म्हणत, यांच्या पँटी आधी गुडघ्यावर फाटतात. हल्ली कानाला मशीन लावत, म्हणजे मशीन त्यांच्या खिशात असे आणि कोणी बोलायला लागलं की ते आधी खिसा चाचपत. येताना ते एक काचेची बरणी, एक टॉर्च आणि एक कंगवा घेऊन आले.

"कंगवा कशाला?" कानवाल्यांनी त्यांच्या टकलाकडे बघत विचारलं.

"अं?" मास्तरांनी खिसा चाचपला, मशीन कानात बसवलं. "हां. कंगवा शिकवायला. वहिनी, तुम्हीपण या. हे बघा, तुम्हाला वाटत असेल किडा गातो. गात नाही. त्याला गळाच नाही! त्याच्या एका पंखाच्या खालून एक शीर जाते, तिला बारीक बारीक दाते असतात. कानस असते ना लोहाराची, तशी. आणि दुसऱ्या पंखाला असते धार. तो पंख जरासे उचलतो आणि ती धार कानशीवरून ओढतो. अशी." त्यांनी कंगव्याच्या दात्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. खर्रर्र. "एवढंच. अंग अंगावर घासायचं. पंखाची कातडी ताणलेली असते, तीच त्याचा कर्णा. दाते जेवढे जवळ, नि ओढायचा वेग जेवढा जास्त, तेवढा सूर बारीक."

कंगव्याचा आवाज कानवाल्यांना आला. त्यांना बरं वाटलं. "म्हणजे हा नुसता खाजवतो म्हणा ना."

"खाजवतो, पण तालात. आणि हे फक्त नर करतो. मादीला दातेच नसतात. ती ऐकते."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," बायको म्हणाली.

"आणि ऐकते कशानं? पायानं! यांचे कान पुढच्या पायात असतात, गुडघ्याच्या जरा खाली."

हे कानवाल्यांना रुचलं नाही. कान हा इमानी नोकर डोक्यावर, मालकाच्या शेजारी बसलेला त्यांना पसंत होता. गुडघ्याखाली कान म्हणजे पायपुसण्यावर देव्हारा मांडल्यासारखं त्यांना वाटलं. पण वाद घालायची वेळ नव्हती. दोघं वृद्ध पेटीत शिरले.

पुढचा देखावा बायकोनं दारात उभं राहून पाहिला. एक किड्यांचा तज्ज्ञ, एक कानाचा तज्ज्ञ, दोघंही चार पायांवर, पार्श्वभाग दाराकडे, गालिच्याच्या कडा उचलून बघताहेत.

"श्शू!" मास्तर म्हणाले. "आवाज करू नका. ऐका."

दोघांनी श्वास रोखले. दोघांनीही एकमेकांकडे आशेनं बघितलं.

"येतोय?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला?"

"मला कुठला येतोय! मला वाटलं तुम्हाला येत असेल. कान तुमचा."

"किडा तुमचा," कानवाले म्हणाले.

"डाव्या कोपऱ्यात आहे," बायको दारातून म्हणाली. दोघं उजव्या कोपऱ्याकडे वळले. "डाव्या! डाव्या म्हटलं!" दोघं डावीकडे वळले, डोकी आपटली आणि तेवढ्यात किडा थांबला. पेटीच्या जमिनीवर कुणी गुडघा जरी सरकवला तरी त्याच्या पायातल्या कानांना ते कळत होतं. पेटीत सगळ्यात चांगले कान त्याचेच होते.

शेवटी मास्तर पाय पसरून गालिच्यावर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "सांगू का तुम्हाला," ते म्हणाले, "आवाज जातात ते सांगून जात नाहीत. माझ्या ओळखीचा गवतातला एक हिरवा होता. फार बारीक वाजवायचा. तो पहिला गेला. मला वाटलं, गवत कापलं असेल. मग झुडपातले गेले. मी म्हटलं, औषध फवारलं. नगरपालिकेत जाऊन भांडून आलो, तुम्ही किडे मारलेत म्हणून. त्यांनी हात जोडले, म्हणाले आमच्याकडे फवारणीचा पंपच नाही. शेवटी नातीनं हाताला धरून बागेत नेलं. म्हणाली, आजोबा, इथे कान किटलेत माझे. तुम्ही कुणाचं सुतक पाळताय?"

कानवाले हसले. हसताना त्यांना वाटलं, मास्तरांची फारच दया येते. "तुमचं वय झालं, मास्तर."

"हो ना," मास्तर म्हणाले. "तुमच्यापेक्षा एका वर्षानं मोठा आहे मी."

तोड बायकोनंच काढली. ती पेटीत बसेल, दार लावून, दिवा मालवून. आतला माणूस काय बोलतो ते बाहेर ऐकू यावं म्हणून पेटीत माइक असतो आणि तो आवाज मशीनच्या हेडफोनात येतो. किडा कुठल्या बाजूला वाजतोय ते ती सांगेल. कानवाल्यांनी मान डोलावली. पंचवीसएक वर्षं त्यांनी त्या पेटीत गाव बसवलं होतं; बायकोला बसवायची ही पहिलीच वेळ.

ती आत गेली. कानवाल्यांनी हेडफोन चढवला. मशीनच्या छातीवर एक लहानशी काच होती, तिच्यामागे एक काटा. माइकमध्ये आवाज आला की तो काटा उठायचा, नाहीतर पडून राहायचा.

"अजून नाही," बायकोचा आवाज आला. काटा उठला, पडला.

थांबले. मास्तर बरणी पोटाशी धरून उभे होते.

मग काटा थरथरला. जरा उठला, कापत राहिला, पडला. पुन्हा उठला, कापत राहिला, पडला. एका लयीत. कानवाल्यांच्या कानात मात्र काहीच नव्हतं.

"वाजतोय," बायकोचा आवाज हळूच आला. "ऐकू येतोय ना? माझ्या डाव्या हाताला." थोडं थांबून ती म्हणाली, "किती छान वाजतोय हो."

काटा उठत होता, कापत होता, पडत होता. कानवाल्यांनी हेडफोन कानावर दाबून धरला. मग सोडून पाहिला. मग डावीकडचा उजवीकडे केला. काटा आपलं काम करत होता. आयुष्यभर ज्यांना ते लबाड म्हणत आले ते डोळे समोर बसून खरं बोलत होते, आणि प्रामाणिक नोकर गप्प होता.

"हेडफोन गेलाय," कानवाले म्हणाले.

मेव्हणा आला. त्यानं हेडफोन घातला, पेटीतल्या अंधाराला थोडा वेळ दिला आणि त्याचा चेहरा उजळला. "वा! काय खणखणीत वाजतोय, भावोजी! हेडफोन एकदम नवाकोरा आहे."

"मग मशीनमध्ये बिघाड असेल. गेल्या वेळी तू वरचे सूर नीट वाढवले नाहीस."

मेव्हण्यानं ताईकडे बघितलं. ताई पेटीतून बाहेर आली होती आणि पदराला हात पुसत होती, हात कोरडे असूनही.

"बोल की," ती म्हणाली.

"भावोजी," मेव्हणा म्हणाला, "वरचे सूर मी इतके वाढवलेत की मलाच कानाला टोचतात. तुम्ही दर वेळी म्हणायचात अजून वाढव, फिकं लागतंय."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बहिणीच्या नवऱ्याला काय म्हणणार? तुमचे कान गेलेत म्हणून? तेही तुमच्या दुकानात उभं राहून, ताईचा चहा पिऊन?"

कानवाले मशीनपाशी बसले. एखादा सावकाश चालणारा माणूस उशिरा घरी पोचतो तसा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचत होता. मशीन त्यांनी स्वतःच्या कानाला जुळवून घेतलं होतं. त्यांचा कान जसजसा उतरला तसतसं मशीन चढलं, आणि त्या चढवलेल्या सुरांवर त्यांनी गाव तपासलं. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनाही ते सूर ऐकू आले. सगळे उत्तीर्ण. कान उत्तम, लक्ष नाही. त्यांना एकेक चेहरा आठवायला लागला: अब्रूनं सुटलेले नवरे, आणि त्यांच्याकडे बघत बघत घरी गेलेल्या बाया. आणि ज्याची बस अडवली तो एकच, धिप्पाड मिशांचा, ज्याला सगळं ऐकू येत होतं.

"त्या ड्रायव्हरला आधी बोलवा," बायको म्हणाली.

"सूर खाली आण," कानवाले मेव्हण्याला म्हणाले. "मशीन आलं तेव्हा जिथे होते तिथे. आणि मला बसव."

"आज राहू द्या की, भावोजी."

"बसव म्हणतो ना."

ते पेटीत बसले. मेव्हण्यानं दिवा मालवला, दार लावलं. जाड सूर आले. कानवाल्यांनी ऐटीत बटण दाबलं. मधले आले, दाबलं. मग सूर बारीक होत गेले आणि एका ठिकाणी जिना संपावा तसे संपले. बटण अंगठ्याखाली होतं. अंगठा तयार होता. काही आलं नाही. ते थांबले. खिडकीच्या काचेतून त्यांना मेव्हण्याची पाठ दिसत होती, पलीकडे बरणी घेतलेले मास्तर, आणि बायको. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. हात कोपरापाशी घट्ट धरून काट्याकडे बघत होती. मेव्हणा तिरका बसायला विसरला होता.

त्याचा खांदा हलला. कानवाल्यांनी बटण दाबलं.

खांदा पुन्हा हलला. पुन्हा दाबलं.

दार उघडलं. मेव्हणा दारात उभा राहिला. तो म्हणाला, "भावोजी, मी अजून सूर सोडलाच नाही. रुमाल काढत होतो."

मेव्हण्यानं दिवा लावला. मास्तरांनी मान खाली घालून खिसा चाचपला, पण मशीन कानातच होतं.

कानवाले हेडफोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले. आणि त्यांच्या मनात जे दाटून आलं ते साधंसुधं असणं शक्यच नव्हतं. ते बोलायला लागले.

"उद्या पाटी उतरवतो," ते म्हणाले. "नाही, उद्या नाही, पाटी राहू दे. आधी त्या ड्रायव्हरच्या घरी मी स्वतः जातो, त्याच्या बायकोसमोर सांगतो की तुझ्या नवऱ्याचे कान गावात एक नंबर आहेत. मग एकेकाला परत बोलावतो. दारात उभा राहून प्रत्येक बाईला सांगतो की बाई, तुमचं खरं होतं. तुमच्या नवऱ्याचं लक्ष होतं, कानच नव्हता. निदान होतं की नव्हतं ते पुन्हा बघू. सगळ्यांना फुकट तपासतो. पण तपासणार कोण? मी कसा तपासणार?" त्यांनी मांडीवरचा हेडफोन उलटा केला. "आयुष्यभर सांगत आलो, कान खोटं बोलत नाही. कान खोटं बोलत नाही, हे खरंच आहे. तो नुसता बोलायचाच थांबतो. कळवत नाही. तुम्ही आपले वाट बघत बसता आणि तुम्हाला वाटतं, जगच गप्प झालं. जगच पुटपुटायला लागलं."

मग ते बायकोकडे वळले. ती दारातून एक पाऊल आत आली होती.

"तू," ते म्हणाले. "तू कधीच पुटपुटत नव्हतीस."

बायको त्यांच्याकडे बघत होती, पण तोंडाकडे नाही. जरा खाली. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की कानवाल्यांना वाटलं, आता रडेल. तिचे ओठ हलले. अगदी हळू, लग्न झालं तेव्हा हलायचे तसे. आवाज नव्हता.

कानवाल्यांनी सवयीनं तोंड उघडलं, "पुटपु...", आणि मिटलं.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "जरा मोठ्यानं सांगतेस?"

तिनं मान हलवली. मोठ्यानं नाही. ओठ पुन्हा हलले. इतक्या वर्षांनी ती जे बोलत होती ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतंच, हे कानवाल्यांना उमगलं. मागे मेव्हणा श्वास रोखून उभा होता. मास्तर बरणीचं झाकण मुठीत आवळून, चवड्यांवर उभे राहून, बाईंच्या खांद्यावरून आत बघत होते. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, असं कानवाल्यांना वाटलं.

"ऐकू येत नाही गं," कानवाले म्हणाले. हे वाक्य त्यांनी पेटीत हजारदा ऐकलं होतं, उच्चारलं आज.

ती एकेक पाऊल टाकत, गालिच्यावर टाच न टेकवता, त्यांच्यापाशी आली. वाकली. त्यांच्या कानाला तोंड लावलं, जाड सूर त्यांना ऐकू येतात हे तिनं मघाशी बघितलं होतं, म्हणून आवाज जाड केला आणि म्हणाली:

"डावा पाय हलवू नका. बुटावर बसलाय."